परक्या युद्धातला साक्षीदार



इतिहासाच्या साधनांविषयी आपण या मालेत बोलत आलो आहोत. आजचं साधन अगदी ताजं आहे. दुसऱ्या देशाच्या युद्धात स्वखुशीने लढायला गेलेली माणसं तिथून फोनवर चित्रफिती पाठवतात, आणि आपण त्या इथे चहा पिता पिता बघतो. या चित्रफितींना साक्ष म्हणायचं का, आणि म्हणायचं तर कोणत्या अर्थाने, हा आपला प्रश्न. सुरुवात मात्र नागपूरच्या एका गृहस्थापासून करू.

गोपाळ मुकुंद हुद्दार. लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणत. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ते पहिले सरकार्यवाह. १९३१च्या बालाघाट प्रकरणात, म्हणजे क्रांतिकार्यासाठी पैसा उभा करायला घातलेल्या सशस्त्र दरोड्यात, त्यांना तुरुंगवास झाला. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला ते इंग्लंडला गेले, आणि तिथून १९३७ साली थेट स्पेनला. स्पेनमध्ये तेव्हा लोकनियुक्त प्रजासत्ताकाविरुद्ध जनरल फ्रँकोचं बंड चालू होतं. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला पन्नासहून अधिक देशांतून सुमारे ३५ हजार माणसं गेली. आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणतात त्या याच. आपले हुद्दार त्यांतले एक. पण कागदोपत्री तिथे हुद्दार नाहीत. तिथे आहे ‘जॉन स्मिथ’.

बघा, ज्या माणसाला पत्रकार व्हायचं होतं, त्याने युद्धात जाताना पहिली गोष्ट केली ती स्वतःचं नाव लपवण्याची! कारण समजण्याजोगं आहे. ब्रिटिश सरकारने १९३७च्या जानेवारीत जाहीर केलं होतं की, स्पेनमध्ये लढायला जाणं १८७०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यात हे गुलाम देशातले, आणि एकदा शिक्षा भोगून आलेले. १९३८च्या एप्रिलच्या सुमारास, अरागॉनच्या माघारीत, गांडेसाजवळ ते पकडले गेले. त्यांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात ठेवलं. तिथे शेकडो परदेशी कैदी होते. फ्रँकोच्या लष्करातला एक मानसोपचारतज्ज्ञ या कैद्यांची तपासणी करत असे. मार्क्सवादाचं मूळ मनाच्या दोषात आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं! आणि त्याच मठात इंग्रजी बोलणाऱ्या कैद्यांनी चोरून एक हस्तलिखित वार्तापत्र चालवलं. हाताने लिहिलेले कागद, वाचक फक्त सोबतचे कैदी, आणि पहारेकऱ्याला सापडलं तर मार. हुद्दार त्याच वर्षी सुटले, भारतात परतले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले.

आता आपण ८४ वर्षं पुढे येऊ. एप्रिल २०२२, युक्रेनमधलं मारियुपोल. एडन ॲस्लिन नावाचा ब्रिटिश तरुण रशियन बाजूच्या हाती लागला. हा आधी सीरियात कुर्दांच्या बाजूने ‘इस्लामिक स्टेट’विरुद्ध लढला होता. २०१८ साली तो युक्रेनच्या नौसैनिक दलात रीतसर भरती झाला. समाजमाध्यमांवर त्याला हजारो लोक ओळखत होते. तो कुठे लढला, कोणाकडून लढला, त्याचे मित्र कोण, हे सगळं त्यानेच वर्षानुवर्षं जगाला दाखवलं होतं. त्याला ‘जॉन स्मिथ’ होता येणं शक्यच नव्हतं. काही दिवसांत यूट्यूबवर एक मुलाखत आली. हातात बेड्या घातलेला ॲस्लिन, आणि प्रश्न विचारणारा रशियाधार्जिणा एक ब्रिटिशच चित्रफीतकार. जून महिन्यात दोनेत्स्कच्या स्वयंघोषित प्रजासत्ताकाच्या न्यायालयाने भाडोत्री सैनिक ठरवून त्याला मृत्युदंड सुनावला. सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला, आणि मग त्याने सांगितलं की, कैदेत त्याला मारहाण झाली होती.

हे दोन कैदी आपण आज समोर ठेवू. एकाचं नावसुद्धा शत्रूला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचा सगळा पट त्याने स्वतःच लिहून ठेवला होता, आणि शेवटी कॅमेरा शत्रूच्या हातात गेला. दोघंही आपलं नसलेल्या युद्धात मनापासून गेले होते. फरक माणसांत फारसा नाही. फरक आहे तो सांगणं आणि लढणं यांच्यातल्या अंतरात.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, त्यामुळे इथे थोडं न्यायदर्शनाकडे वळतो. न्यायदर्शन शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतं. पण कोणाच्याही सांगण्याला नव्हे, तर ‘आप्ता’च्या सांगण्याला. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नाही बरं का! ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने भाष्यात एक फार मोकळी गोष्ट म्हटली आहे. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखंच लागू पडतं. म्हणजे परका माणूस परका आहे म्हणून साक्षीदार म्हणून बाद होत नाही. उलट आपल्याला सहज वाटतं की, ज्याचा या भांडणात काही लागतभाग नाही, तो खोटं कशाला बोलेल? स्वयंसेवकाच्या शब्दाला वजन येतं ते इथून. ‘त्याला जायची गरज नव्हती, तरी तो गेला.’

पण दोन्ही अटी पाहायला हव्यात, जाणणं आणि जसंच्या तसं सांगण्याची इच्छा. जाणण्याचंच घ्या. परदेशी स्वयंसेवकाला बऱ्याचदा स्थानिक भाषा येत नाही. त्याला खंदक दिसतो. खंदकामागचं गाव, त्या गावातली जुनी भांडणं दिसत नाहीत. तो लढतो एका देशात आणि बोलतो दुसऱ्या देशातल्या, आपल्या भाषेच्या, लोकांशी. त्यामुळे त्याची चूक दुरुस्त करू शकणारा माणूस त्याच्या श्रोत्यांत क्वचितच असतो.

दुसरी अट आणखी अवघड आहे, आणि तिच्यासाठी आपण जॉर्ज ऑर्वेलकडे जाऊ. हा आपल्याकडे बिहारमध्ये मोतिहारीला जन्मलेला. १९३६च्या डिसेंबरमध्ये तो बार्सिलोनाला पोचला आणि ‘पोउम’ या छोट्या डाव्या पक्षाच्या सैन्यात भरती झाला. १९३७च्या मे महिन्यात बार्सिलोनात प्रजासत्ताकाच्या बाजूचेच गट एकमेकांवर गोळ्या झाडू लागले, ते त्याने पाहिलं. त्याच महिन्यात, उएस्काच्या आघाडीवर, त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. जूनमध्ये ‘पोउम’वर बंदी आली, ‘फॅसिस्टांचे हस्तक’ म्हणून त्याच्या सोबत्यांची धरपकड झाली, आणि तो बायकोसह कसाबसा फ्रान्समध्ये निसटला. नंतर त्याने ‘होमेज टु कॅटालोनिया’ लिहिलं. नेहमीच्या प्रकाशकाने ते नाकारलं. १९३८च्या एप्रिलमध्ये दुसऱ्याने ते काढलं, अवघ्या दीड हजार प्रती. त्या ऑर्वेलच्या हयातीत संपल्या नाहीत.

या पुस्तकाचं मोल गोळी लागलेल्या माणसाने लिहिलं यात नाही. गोळ्या पुष्कळांना लागल्या. मोल यात आहे की, त्याने स्वतःच्या बाजूचं खोटं सांगितलं, आणि वाचकाला हेही बजावलं की, माझ्या पक्षपाताबद्दल सावध राहा. हे त्याला जमलं, कारण तो युद्धातून बाहेर पडला होता. त्याला विचार करायला महिने मिळाले. खंदकात बसून रोज संध्याकाळी त्याला हेच प्रसिद्ध करायचं असतं तर? पहिल्याच आठवड्यात तुकडीने त्याला बाहेर काढलं असतं, किंवा त्याने स्वतःच जीभ आवरली असती.

आपल्याकडे लोक गंमतीने म्हणतात की, संजयाने युद्धाचं थेट प्रक्षेपण केलं. महाभारत नीट वाचलं तर गोष्ट निराळी दिसते. भीष्मपर्वात संजय दहाव्या दिवसानंतर रणांगणावरून धृतराष्ट्राकडे येतो, भीष्म पडल्याची बातमी देतो, आणि मग मागचे दिवस उलगडून सांगतो. शेवटी तो स्वतः सात्यकीच्या हाती सापडतो आणि व्यासांमुळे वाचतो. दिव्यदृष्टी असूनही त्याला आधी घटना होऊ द्यावी लागली, मग सांगावं लागलं. आणि तो सांगतो ते स्वतःच्या राजाला न आवडणारं. आप्ताचं हे उदाहरण आपल्या घरातलंच आहे.

आता कोणी म्हणेल, ‘सर, जुनं ते सोनं असंच तुमचं म्हणणं दिसतंय.’ तसं नाही. स्पेनमध्येही प्रचार भरपूर होता. ब्रिगेडची स्वतःची वर्तमानपत्रं होती, आणि ती लढण्याचंच एक हत्यार होती. पत्रांवर सेन्सॉरची कात्री होती. त्या युद्धाचं सर्वात गाजलेलं छायाचित्र, रॉबर्ट कापाने सप्टेंबर १९३६मध्ये टिपलेला कोसळणारा सैनिक, ते खरोखर मृत्यूच्या क्षणाचं आहे का आणि सांगितलं जातं त्याच ठिकाणचं आहे का, यावर वाद कित्येक दशकं चालला आहे. म्हणजे कॅमेऱ्यावर शंका घेणं हे आजचं फॅड नाही. पण त्या चित्रावर वाद घालायला जगाला वेळ मिळाला. आजच्या चित्राचा तोवर परिणाम होऊन गेलेला असतो.

हा परिणाम कसा होतो ते सीरियाच्या युद्धात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसलं. ‘इस्लामिक स्टेट’कडे ४० हजारांच्या आसपास परदेशी माणसं गेली, असा अंदाज आहे. विरुद्ध बाजूला कुर्दांच्या ‘वायपीजी’कडेही पाश्चात्य तरुण गेले, त्यांच्यासाठी फेसबुकवर ‘लायन्स ऑफ रोजावा’ नावाचं पान होतं. या दोन बाजूंना एका तागडीत घालायचं नाही. एक बाजू गुलामी आणि शिरच्छेद यांची जाहिरात करत होती, दुसरी तिच्याशी लढत होती. पण माध्यम एकच होतं. आणि त्यातले सगळे फोटो रक्ताचे नव्हते. मांजरीची पिल्लं, आवडता खाऊ, पोहणं, मित्रांची थट्टामस्करी. युद्ध म्हणजे मित्रांबरोबरची सहल आहे, असा त्याचा एकंदर सूर.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी पाश्चात्य देशांतून सीरियात गेलेल्या १९० लढवय्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष मांडले. त्यांतला एक आपल्या कामाचा आहे. लढणाऱ्यांना स्वतःला ज्यांचं बोलणं सर्वात जास्त भिडत होतं, असे काही जण रणांगणावर नव्हतेच. ते दूर, सुरक्षित शहरांत बसून आलेल्या बातम्या एकत्र करत होते, त्यांना अर्थ देत होते, पुढे पाठवत होते. म्हणजे लढणारा चित्र पाठवतो, आणि त्या चित्राचा अर्थ कधीही न लढलेला माणूस ठरवतो. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कल्याणचे चार तरुण इराकला गेले. इंटरनेटवरचा मजकूर आणि तिथले संपर्क यांचा त्यात वाटा होता, असं तपास यंत्रणांनी सांगितलं. एक जण मेल्याची वार्ता घरी आली, आणि नोव्हेंबरात तो जिवंत परतला. त्या घराने मधले महिने कसे काढले असतील? दूरच्या कोणाच्या तरी शब्दावर एक घर सुतकात बसतं. साक्ष खोटी निघाली तर किंमत कोण मोजतो, हे यातून कळतं.

युक्रेनच्या युद्धात हे सगळं आणखी पुढे गेलं. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी झेलेन्स्की यांनी परदेशी स्वयंसेवकांना हाक दिली. आठवड्याभरात परराष्ट्रमंत्री कुलेबा यांनी ५२ देशांतून सुमारे २० हजार जणांनी तयारी दाखवल्याचं सांगितलं. तयारी दाखवणं आणि प्रत्यक्ष लढणं यांत अर्थातच फरक आहे. १३ मार्चला पोलंडच्या सीमेजवळ यावोरिव्हच्या तळावर क्षेपणास्त्रं पडली. तिथे असे स्वयंसेवक उतरत होते. युक्रेनने ३५ मृत्यू सांगितले. रशियाने १८०पर्यंत परदेशी ‘भाडोत्री’ मारल्याचा दावा केला. एका घटनेचे हे दोन आकडे. ही सहल नाही, हे त्या पहाटे अनेकांना कळलं, आणि काही जण परत फिरले.

जे राहिले त्यांच्यातल्या काहींच्या शिरस्त्राणावर कॅमेरा होता. अशी चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. तिच्यात काय नसतं, ते आज लक्षात घेऊ. लढणाऱ्याचा चेहरा नसतो, कारण कॅमेरा त्याच्या डोक्यावर आहे. शत्रू म्हणजे दूरवर हलणारा ठिपका. तासन्‌तासांची वाट पाहणी, चिखल, भीती, चुकलेले हुकूम हे सगळं कापलेलं. उरतात तीन-चार मिनिटं, वर संगीत, आणि खाली देणगीचा दुवा. शिवाय ती आपल्यापर्यंत आली म्हणजे एक तर वरिष्ठांनी येऊ दिली, नाहीतर हुकूम मोडून आली. फोन वापरणं किती घातक असतं? १ जानेवारी २०२३ रोजी माकिइव्का इथे रशियाच्या सैनिकांवर हल्ला झाला. मृतांचा आकडा रशियाने ८९ सांगितला, आणि दोष सैनिकांच्या मोबाइलवापराला दिला. वरिष्ठांनी आपली चूक मेलेल्यांच्या माथी मारली, असंही रशियातच काही लोक म्हणाले. काही असो, आघाडीवरचा प्रत्येक फोन म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता ठरू शकतो.

आता दुसरी बाजू मांडायलाच हवी. इतिहासकार मार्क ब्लॉक दोन्ही महायुद्धांत सैनिक होता, आणि १९४४ साली नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. त्याने साधनांत एक मोलाचा भेद केला आहे. काही साधनं मुद्दाम सांगण्यासाठी निर्माण होतात, काहींतून माणूस नकळत बोलून जातो. इतिहासकाराचा ओढा दुसऱ्याकडे असावा. फोनच्या बाबतीत हे शब्दशः खरं ठरलं आहे. एक जर्मन तरुण सीरियात लढायला गेला आणि छिन्न शिरांसोबत त्याने फोटो काढून घेतले. ते समाजमाध्यमावर गेले. २०१६ साली फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने त्याच फोटोंवरून मृतांच्या विटंबनेचा युद्धगुन्हा मानून त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली. दुसरं उदाहरण परदेशी स्वयंसेवकाचं नाही, पण तत्त्व तेच आहे. २०१७ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका सेनाधिकाऱ्यावर अटक वॉरंट काढलं, ते मुख्यतः चित्रफितींच्या आधारे. शौर्य दाखवायला काढलेलं चित्र आरोपपत्राचा कागद बनलं. म्हणून ‘सगळा प्रचार आहे, फेकून द्या’ म्हणणं सोयीचं असेल, शहाणपणाचं नाही. त्याच २०१७मध्ये यूट्यूबच्या यंत्रणेने हिंसक मजकूर गाळताना सीरियाच्या लाखो चित्रफिती हटवल्या, आणि ‘सीरियन आर्काइव्ह’सारख्या संस्थांची त्या वाचवताना दमछाक झाली. सान पेद्रोचं हस्तलिखित पहारेकऱ्याने फाडलं तर निदान कोणी फाडलं ते कळत होतं!

तेव्हा आपण पाहणाऱ्यांनी काय करायचं? आम्हाला वाटतं, आप्ताची कसोटी आता आपल्या हातात आली आहे. ऑर्वेलने जी चाळणी स्वतः लावली, ती खंदकातला फोनवाला लावू शकत नाही. त्याच्याजवळ वेळ नाही आणि मुभाही नाही. यात त्याचा दोष नाही. म्हणून पाहताना एवढंच विचारावं: हा माणूस स्वतःच्या बाजूला अडचणीचं असं काही सांगतो का? सांगत असेल तर कान द्यावा. नसेल, तर ते चित्र जपून ठेवावं, पण साक्ष म्हणून नाही, वस्तू म्हणून. उद्याचा इतिहासकार त्यातून त्याने न सांगितलेलं वाचेल.

आणि काही चित्रं पाहूच नयेत. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सांगतं की, युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून वाचवायचं. लोकांचं कुतूहल म्हणजे आपणच हो! ॲस्लिनची मुलाखत घेणाऱ्यावर ब्रिटनने पुढे निर्बंध घातले. पकडलेल्या रशियन सैनिकांच्या चित्रफिती पसरवल्याबद्दल मानवाधिकार संघटनांनी युक्रेनलाही सुनावलं. पण बेड्यांतल्या माणसाची चित्रफीत पाहणारा प्रत्येक जण त्या खोलीत एक खुर्ची घेऊन बसतो, त्याला कोणता कायदा लागू होणार?

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मार्च २०२४मध्ये पंजाब-हरियाणाच्या सात तरुणांची एक चित्रफीत आपल्याकडे फिरली. लष्करी जाकिटं घातलेले हे तरुण म्हणत होते की, आम्ही रशियात फिरायला आलो होतो, आम्हाला फसवून सैन्यात घातलं, सोडवा. हे स्वयंसेवक नव्हेत. त्याच सुमारास नोकरीचं आमिष दाखवून भारतीयांना रशियाच्या युद्धात ढकलणाऱ्या दलालांवर सीबीआयने छापे घातले. त्यांत मुंबईतलीही ठिकाणं होती. ही जाळी तरुणांना गाठायला यूट्यूबचा आणि समाजमाध्यमांचा वापर करत होती. ज्या फोनवर काही जण आत ओढले गेले, त्याच फोनवर काही जण ‘बाहेर काढा’ म्हणाले. त्या सात जणांच्या चित्रफितीत संगीत नव्हतं, देणगीचा दुवा नव्हता, कोणाचं शौर्य नव्हतं. शहानिशा तिचीही करावी लागते. पण ती पुढे पाठवताना आपला अंगठा थबकला नसेल, तर तो बरोबरच होता.

हुद्दारांना स्पेनमध्ये आपलं नाव सांगता आलं नाही. आज जाणाऱ्याला ते लपवता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये साक्षीदाराला उभं राहायला जागा राहील का, हे त्याच्यापेक्षा आपल्यावर अधिक अवलंबून आहे.

आता प्रश्न घेऊ.